घडी घातलेलं गोणपाट

आमच्या शेजाऱ्यांचं खरं नाव त्यांच्या पेन्शनच्या कागदांवर असेल. गल्लीत सगळे त्यांना काटेसाहेब म्हणायचे. एकतीस वर्षं त्यांनी सरकारी नोकरीत दुकानदारांचे तराजू आणि वजनं तपासली होती. पारड्याखाली चिकटवलेलं चुंबक, आतून पोखरलेलं वजन, काट्याच्या दांडीला बांधलेला केसाएवढा दोरा, असं सगळं त्यांनी पकडलं होतं. नोकरी संपली, पण नजर निवृत्त झाली नाही. माझ्या बेकरीत पाव घ्यायला आले, तरी आधी पाव हातात तोलायचे आणि मग माझ्याकडे बघायचे.

ते जन्मतः असे नव्हते, असं त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या वहिनींनी, एकदा मला सांगितलं होतं. नोकरीच्या सुरुवातीला एका वयस्क धान्यवाल्यावर त्यांचा फार जीव. माणूस गोड, देवभोळा, यांना मुलासारखं मानणारा. त्याची वजनं आठ वर्षं यांनी हातही न लावता पास केली. नवव्या वर्षी सहज एक वजन उचललं आणि त्यांचा चेहराच उतरला. आत पोकळ. आठ वर्षं गल्लीबोळांतल्या बायका त्या दुकानातून कमी धान्य घरी नेत होत्या, आणि त्यावर शिक्का होता यांचा. त्या दिवसापासून त्यांच्या तोंडात एकच शब्द बसला: "पुरावा?"

निवृत्तीनंतर त्यांनी परसात कोंबड्या पाळल्या. दोन खुराडी होती. मोठं कुंपणाच्या भिंतीला टेकून, उंच छपराचं. लहान त्याच्या शेजारी, बुटकं. बावीस कोंबड्या आणि एक कोंबडा. या कोंबड्यांवर मात्र ते विश्वास ठेवायचे. निदान तसं दाखवायचे तरी.

आमच्याकडे थंडी कडक पडते. पहाटे पाण्याच्या भांड्यावर बर्फाची साय धरते, नळ गोठतो. म्हणून हवा फिरायला लागली, की साहेबांचं चार दिवसांचं काम ठरलेलं. पहिल्या दिवशी जुना भुसा खरवडून बाहेर. दुसऱ्या दिवशी भिंतींना चुना, आणि बसायच्या दांड्यांच्या सांध्यांत औषध, कारण तिथे बारीक लाल उवा लपतात. तिसऱ्या दिवशी लाकडाचा नवा भुसा, हातभर जाड. चौथ्या दिवशी एकेक कोंबडी बगलेत धरून तपासणी: पायांचे खवले, चोच, पंखांखालची कातडी. पिसं झडून नवी येत असलेल्यांना वेगळं खाणं. त्या वर्षीच्या सात तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्या, त्यांनी लहान खुराड्यात चार जुन्या कोंबड्यांबरोबर ठेवल्या.

आदल्या हिवाळ्यात त्यांच्या चार कोंबड्या मेल्या होत्या. मरायच्या आधी दोन दिवस साहेब आणि वहिनी लग्नाला बाहेरगावी गेले होते आणि कोंबड्यांकडे मी बघत होतो. त्यामुळे, मी दार उघडं टाकलं आणि गार वाऱ्यानं कोंबड्या गेल्या, असा त्यांनी निकाल दिला. मी दार लावलं होतं. पण पुरावा नव्हता.

या वर्षी त्यांनी ठरवलं, वाऱ्याला सुईच्या अग्राएवढी वाट ठेवायची नाही. खालच्या फटींवर पत्रे ठोकले. जाळीवर प्लास्टिक ताणलं. छपराखाली जी वीतभर मोकळी पट्टी होती, तिच्यात गोणपाटं कोंबली. मला भिंतीवरून ठोकाठोकीचा आवाज येत होता. संध्याकाळी ते मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले, "आता बघू कोणाच्या हातून दार उघडं राहतं ते!"

पाचव्या दिवशी सकाळी लहान खुराड्याच्या मागचं गोणपाट खाली होतं. पडलेलं नव्हतं. काढून, नीट चौकोनी घडी घालून विटेवर ठेवलेलं. साहेबांनी ते परत कोंबलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा घडी. तिसऱ्या दिवशीही.

साहेबांच्या मनात पाल चुकचुकली. बोका असता तर ओरबाडलं असतं, वारा असता तर उडालं असतं. बोका घडी घालत नाही. म्हणजे माणूस. आणि परसात उडी मारून येऊ शकणारा माणूस एकच, भिंतीपलीकडचा. मी.

त्या दुपारी ते बेकरीत आले.

"मैदा द्या अर्धा किलो."

"वहिनी काही करतायत वाटतं?"

"करतोय. मी करतोय." ते गल्ल्यावरून वाकून माझ्या पायांकडे बघत होते. "चपलेचा नंबर काय तुमचा?"

"नऊ. का हो?"

"असंच."

पुडा घेऊन गेले. मला वाटलं, वयामुळे जरा सैल झालेत. त्यांनी मलाच पकडण्यासाठी माझ्याच दुकानातून मैदा नेला होता, हे मला आठवड्यानं कळलं.

तो मैदा त्यांनी संध्याकाळी लहान खुराड्यामागे चाळणीनं पसरला. सकाळी जाऊन बघतात तर ठसे स्वच्छ उमटलेले. नऊ नंबर नाही, पाच. टाचेला एक कोपरा तुटलेला. ती चप्पल त्यांच्याच मागच्या दाराशी पडलेली होती, परसात जाताना घरातलं कोणीही पायात सरकवायचं ती. वहिनींचे गुडघे धरलेले, त्या पायरीही उतरत नसत. मुलगा ट्रकवर, महिन्यातून दोनदा घरी. उरली सूनबाई. लग्न होऊन पाच महिने झाले होते.

साहेबांनी तिला काही विचारलं नाही. तपासनीस थेट विचारत नाही, आधी नजर ठेवतो. चार दिवस त्यांनी डोळ्यांत तेल घालून पाहिलं, आणि बघावं तिथे त्यांना काहीतरी दिसायला लागलं. कोंबड्यांना खाणं टाकताना ती नाक आक्रसते. लहान खुराड्यासमोर पावलं मोजत चालते. फोनवर नवऱ्याशी बोलता बोलता सासरे आले की आवाज खाली जातो. आणि लग्नाआधी मुलगा म्हणाला होताच, की ही खुराडी काढून तिथे एक खोली बांधली तर बरं. धागा जुळला. कोंबड्या गारठून मरू द्यायच्या, म्हणजे जागा आपोआप मोकळी.

त्यांनी खाण्याच्या पिंपाला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला. जेवताना सुनेनं वाढलेल्या ताटाकडे आधी बघायचे, मग जेवायचे. वहिनी वैतागल्या. "अहो, ती पोर आहे, दुकानदार नाही!" साहेबांनी कमरेची किल्ली चाचपली आणि जेवायला लागले.

एका संध्याकाळी त्यांनी भिंतीपाशी उभं राहून हे सगळं मला सांगितलं. माझ्यावरचा संशय उठल्याचं त्यात ओझरतं येऊन गेलं, माफी वगैरे नाही. आणि इथे माझी चूक झाली. ती पोरगी रोज दुकानात येई, हसून बोले, सुटे पैसे मोजून देई. पण वर्षभर माझ्या माथ्यावर असलेला आळ दुसऱ्याच्या माथ्यावर जातोय, हे मला आतून बरं वाटलं. मी म्हणालो, "नवीन माणसाचं काय सांगावं, साहेब. सांभाळून असा."

आगीत तेल ओतून मी घरात गेलो.

दुसऱ्या दिवशी फटफटायच्या सुमारास साहेब खुराड्यामागे पत्र्याच्या आडोशाला जाऊन उभे राहिले. मी भट्टी पेटवून मागच्या दारात आलो होतो. सूनबाई आली, विटेवर चढली आणि गोणपाट ओढलं.

"सापडलीस!"

ती दचकली, पण गोणपाट हातातून सोडलं नाही. घडी पुरी घातली.

"कशासाठी चाललंय हे?" साहेब म्हणाले. "जागा हवी ना? सरळ सांगा की तोंडानं. मुक्या जिवांना का मारता?"

"मारतेय कोण, बाबा? तुम्ही आत वाका जरा."

"मला शिकवू नकोस."

"शिकवत नाही. कोंबडी जिथे बसते तिथे नाक न्या आणि श्वास घ्या. मग मला काय ते बोला."

ते वाकले नाहीत. मग ती तिथेच विटेवर बसून बोलली. तिची आई मोठ्या कोंबडीफार्ममध्ये कामाला होती, दोन हजार पक्ष्यांच्या शेडमध्ये. ही तिथेच वाढली. एका हिवाळ्यात मालकानं थंडीच्या भीतीनं सगळी शेड प्लास्टिकनं बंद केली. कोंबड्यांच्या श्वासाची वाफ आतच कोंडली, भुसा ओला झाला, शिटेची वाफ डोळ्यांना झोंबायला लागली. आठवड्यात दीडशे पक्षी गेले.

"थंडीनं नाही गेले, बाबा. कोरडी कोंबडी थंडी काढते, ओली काढत नाही. वारा खालून नको, पण वरून वाट हवी. माझी आई त्याच शेडमध्ये झाडायची. तिचा खोकला अजून गेला नाही."

"मग हे आधी का नाही सांगितलं?"

"सांगितलं होतं. लग्नानंतर आठव्या दिवशी. तुम्ही पेपरातून मानही वर न काढता म्हणालात, 'पुरावा काय?' आता त्या फार्ममधून पुरावा आणू मी?"

साहेबांना ते आठवत नव्हतं. पण शब्द आपलाच आहे, हे त्यांना नाकारता येईना.

"मोठ्या खुराड्याचं गोणपाट का नाही काढलंस मग?"

"छप्पर उंच आहे. हात पोचत नाही."

साहेब म्हणाले, "ठीक आहे. लहान तुझं, मोठं माझं. अकरा-अकरा कोंबड्या. कोंबडा माझ्याकडे. बघू."

आणि तेवढ्यावर थांबले तर ते काटेसाहेब कसले. जुन्या नोकरीतली शिशाची सीलं त्यांच्या ट्रंकेत होती. मोठ्या खुराड्याच्या प्रत्येक गोणपाटाला त्यांनी तार ओवून सील ठोकलं, म्हणजे कोणी हात लावला तर कळावं. सूनबाई खालून सांडशी धरून त्यांना मदत करत होती.

तीन आठवड्यांनी कडाका पडला. दोन्ही खुराड्यांतलं पाणी गोठलं. सकाळी साहेबांनी मोठ्याचं दार उघडलं तर आतून कोंदट, तिखट भपका आला आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. छपराच्या पत्र्यातून थेंब टपकत होते. भुसा पायाखाली लगद्यासारखा. दोन कोंबड्या कोपऱ्यात आडव्या पडलेल्या, ताठ. कोंबडा घशात घरघर करत उभा, त्याच्या तुऱ्याची टोकं काळी ठिक्कर.

लहान खुराड्यात गारवा जास्त होता. पण अकराच्या अकरा कोंबड्या दांडीवर पिसं फुगवून चेंडूसारख्या बसल्या होत्या.

तरीही साहेबांनी मान्य केलं नाही. तिनं रात्री गरम काही खायला घातलं असेल. पिंपाचं कुलूप बघितलं, जागेवर. सीलं बघितली, एकही तुटलेलं नाही. मग ते माझ्याकडे आले आणि बिस्किटांचे दोन रिकामे सारखे डबे मागून नेले. एक डबा मोठ्या खुराड्यातल्या भुशानं काठोकाठ भरला, एक लहानातल्या. आपला जुना पितळी तराजू बाहेर काढला, पारडी पुसली, काटा मधोमध आणला. त्यांचा डबा सहाशे ग्रॅम जड भरला. नुसत्या पाण्यानं.

मी भिंतीपलीकडून बघत होतो. त्यांनी डबे उतरवले, अदलाबदल करून पुन्हा ठेवले. पुन्हा तेच. मग ते तराजूसमोर उकिडवे बसून राहिले. माझ्याच काय, कोणाच्याही शब्दावर न बसणारा विश्वास त्या काट्यावर बसला होता, आणि त्यातून सुटका नव्हती. आदल्या वर्षीही त्यांनी छपराखालची ती पट्टी प्लास्टिकनं बंद केली होती, हे त्यांना तेव्हा आठवलं असणार.

ते उठले, पक्कड आणली आणि स्वतःची सीलं एकेक करून कापली. सूनबाई शिडी धरून उभी होती. ओला भुसा उपसायला दुपार झाली. कोंबडा उबेला म्हणून स्वयंपाकघरात आणला. त्याच्या तुऱ्याला तिनं मलम चोळलं, त्यांनी त्याचे पंख धरले.

संध्याकाळी साहेब बेकरीत आले. पाव हातात घेतला, तोलायचं विसरले.

"गेल्या वर्षीच्या चार कोंबड्यांबाबत मी तुमचं नाव घेतलं होतं," ते म्हणाले. "ते मागे घेतो."

"असू दे हो, साहेब."

"असू दे नाही. ती माझी चूक होती." आणि पाव विसरून निघून गेले.

आता माझी पाळी होती, आणि मला ते जड गेलं. दोन दिवस मी टाळलं. तिसऱ्या दिवशी सूनबाई पाव घ्यायला आली, दुकानात दुसरं कोणी नव्हतं. मी म्हणालो, "मुली, मी तुझ्याविषयी साहेबांना काहीबाही बोललो होतो. माझ्यावरचा आळ टळावा म्हणून. चुकलं माझं."

"माहीत आहे, काका. मी तेव्हा आत कपडे वाळत घालत होते. सगळं ऐकू येतं त्या भिंतीवरून."

"आणि तरी रोज हसून बोलायचीस?"

"पाव तर इथूनच घ्यायचा होता ना." ती हसली नाही, पण रागावलेलीही दिसली नाही. मग भट्टीकडे बोट दाखवून म्हणाली, "तुमच्या लाकडांची राख काय करता?"

"टाकतो."

"टाकू नका. दोन डबे मला द्या. थंडीत कोंबड्यांना लोळायला कोरडी माती मिळत नाही, राखेत लोळल्या की उवा जातात. पण पूर्ण गार झालेली द्या, आणि निखारे चाळून काढा. बाबा तपासतीलच, पण त्याआधी मी तपासेन."

मी चाळणी शोधायला आत गेलो.