पारोळ्याला थांबलेली बस

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस, जळगावला नोकरीत असताना, मी पदरमोड करून एक कादंबरी छापली. गोष्ट माझ्या चुलत बहिणीची होती. अक्का धुळ्याला दिलेली. जळगावला आई अत्यवस्थ असल्याचं कळताच ती मिळेल त्या एस.टी.त बसली आणि वेळेत पोहोचली. आईने तिचा हात धरला, ओळखून हसली आणि मग गेली. ती भेट अक्का जन्मभर जपत आली होती. मी ती तळमळीने साठ पानांत लिहिली.

छापखानेवाल्याने कागद अंगठ्याने उलटले. "भाऊ, ही कादंबरी आहे की लग्नपत्रिका? पुस्तकाच्या कण्यावर, पाठीच्या पट्टीवर, तुमचं नावही मावणार नाही. वाचनालयवाले पुस्तक आधी हातावर जोखतात."

कण्यावर नाव नाही, ही कल्पना मला सोसली नाही. मी बस लांबवली. वाटेतल्या मुकटीला पंक्चर केलं. पारोळ्याला इंजिन बंद पाडलं आणि मेकॅनिक येईपर्यंत किल्ल्याचा इतिहास सांगितला. एरंडोलला वरात आडवी आणली, त्यात बँडवाल्यांची घरगुती दुःखंही घातली. पानं अडीचशेवर गेली. आता इतक्या उशिरा पोहोचणाऱ्या मुलीला आई जिवंत भेटणं वाचकाला पटलं नसतं. म्हणून मी आईला आधीच मारलं. शोकांतिका झाल्यामुळे मला ते भारदस्तही वाटलं.

धुळ्याच्या एका ग्रंथपालांनी प्रत तळहातावर तोलली. "भरीव लिहिलंय," म्हणाले आणि दोन प्रती घेतल्या. पुढे त्यांच्या वाचनालयात पाहिलं, तर पानांच्या जोडलेल्या कडा वाचण्यासाठी कुणी कापल्याही नव्हत्या.

अक्काने मात्र रोज दुपारी ओळीवर बोट ठेवून पुस्तक संपवलं. मी तिच्या घरी गेलो तेव्हा चहा देऊन ती समोर बसली.

"बठ्ठं पुस्तक वाचं मी, भाऊ. मन्ही माय ते माले भेटनी व्हती ना?"

"हो, अक्का."

"मंग पुस्तक जाड करासाठे तू तिले मारी टाकं?"

वाचकाला पटायला हवं, असं काहीतरी मी पुटपुटलो.

"वाचनारी ते मी एकलीच शे," ती म्हणाली.

मग मी तिला मूळ गोष्ट सांगितली, बस कुठेच न थांबवता. चहा निवायच्या आत आई भेटली, हात धरून हसली. अक्काने पदराने डोळे टिपले.

"परत सांग," ती म्हणाली. "आते जरासं सावकाश."