पडद्यावर बुडालेली विनिता

अंजूरची विनिता विशीत असताना खाडीची चित्रं काढायला मुंबईहून श्रीनाथ नावाचा चित्रकार आला. खाडी राहिली बाजूला, तो विनितालाच काढत बसला. पुढे ती त्याच्याबरोबर मुंबईला गेली. तिच्या चित्रांनी श्रीनाथचं नाव झालं. विनिताला मात्र हळूहळू कानात आवाज ऐकू यायला लागले. ती जागत बसायची, काचा फोडायची. शेवटी श्रीनाथने तिला इस्पितळात ठेवलं आणि तो पुन्हा तिकडे फिरकला नाही.

थोरली बहीण आक्का तिला दापोड्याला, आपल्या सासरी घेऊन आली. विनिता गोळी जिभेखाली लपवायची, म्हणून आक्का तिला तोंड उघडायला लावायची. झोपताना दोघींचे पदर एकमेकांना बांधून ठेवायची. असं कितीतरी वर्षं चाललं. मग विनिता सावरली, गावातल्याच एका गोदामात पॅकिंगच्या ड्युटीवर जाऊ लागली.

श्रीनाथ वारल्यावर त्याच्यावर आणि त्याच्या चित्रांतल्या बाईवर चित्रपट निघाला. विनिताला कोणी विचारायलाही आलं नाही. ती अजून आहे हेच त्यांना माहीत नसावं. आक्काची मुलगी मृणाली तिला भिवंडीला चित्रपट दाखवायला घेऊन गेली. आक्काचे गुडघे धरलेले, ती घरीच राहिली.

थिएटर अर्धं रिकामं होतं. पडद्यावरची विनिता गोरीपान, कायम केस सोडलेली. ती एकतर हसायची, नाहीतर किंचाळायची. शेवटी इस्पितळातून पळून ती अंजूरच्या खाडीत चालत गेली. पाणी डोक्यावरून गेलं, श्रीनाथ काठावर बसून रडला. मागे कुणीतरी मोठ्याने जांभई दिली.

बाहेर आल्यावर मृणाली संतापली. "मावशी, यांच्यावर केस करायला पाहिजे! तुला वेडी दाखवलं!"

"ते खोटं नाही ग," विनिता म्हणाली. दोघी रिक्षाने दापोड्याला परतल्या.

आक्का वाट बघत बसली होती. "काय दाखवला? मी हाय का त्याच्यात?"

"न्हाय."

"जराशी पन न्हाय?"

"न्हाय ग."

आक्का विचारात पडली. "मंग तुला जेवायला कोन घालत व्हता?"

"कोनीच न्हाय," विनिता म्हणाली. "म्हनून तर मेले मी त्याच्यात."

आक्का भिंतीला धरून उठली आणि तिने कोलंबीचं कालवण गरम करायला ठेवलं. विनिता ताटावर बसली. थिएटरात न आलेलं रडू तिला तिथे आलं. आक्काने तिला रडू दिलं.