काचेखालच्या अक्षता

फडक्यानं गाडी पुसणाऱ्या माणसाला मी गाडीवाला मानतच नाही. हा हट्ट माझ्यात सिंधीपुऱ्यातल्या आमच्या अंगणात मुरला. घरालगतच्या शेडमध्ये आमचे यंत्रमाग चालायचे, त्यामुळे हवेत कायम कापसाचे बारीक तंतू. धुतलेली गाडी तशीच वाळू दिली तर तिला दाढी फुटायची, पुसली तर धूळ घासून ओरखडे पडायचे. त्यात बोअरचं पाणी खारं, थेंब जागीच वाळला की पांढरा डाग. म्हणून मागांवरचा कापूस उडवायचा ब्लोअर मी रविवारी गाडीला लावायचो. वडील म्हणायचे, "माग पडले कापसात अन् पोरगा मोटारीला वारा घालतो."

घालत होतो खरा. आधी टप, मग काचा, मग दरवाज्यांच्या फटी. पाणी लपून बसतं ते आरशांच्या कडेला, हँडलमागे, नंबरप्लेटखाली. वरून गाडी कोरडी ठक्क दिसते आणि निघाल्यावर आरशातून रडायला लागते. ते लपलेलं पाणी हुडकून काढण्यात मला जी मजा यायची ती धंद्यात कधी आली नाही.

माझी झाली की माझ्या मित्राची गाडी. तो पुढच्याच गल्लीत राहायचा. पहिलीपासूनचा मित्र, आमच्या घरात जेवलेला, धाकट्या बहिणीकडून दर वर्षी माझ्याआधी राखी बांधून घेणारा. त्याची गाडी पांढरी. साबण तो लावायचा, वारा मी घालायचो, बहीण दोघांना चहा आणायची.

त्या हिवाळ्यात बहिणीच्या लग्नाचं चाललं होतं. ती प्राथमिक शाळेत शिकवायची. रावेरकडचं एक स्थळ मित्रानंच सुचवलं. केळीचे मळे, मुलगा शिकलेला, बोलायला मऊ. मित्राची त्या घराशी ओळख होती, म्हणून मध्यस्थही तोच. फोटो आणि पत्रिका त्याच्या हाती दिली. पुढे दर रविवारी मी विचारायचो आणि तो चाकावर ब्रश घासत सांगायचा, "ते लोक विचार करून राह्यले ना भाऊ. थोडं रुक. पक्कं समज." त्या 'पक्कं समज'वर आम्ही खंडव्याचं एक चांगलं स्थळ परत पाठवलं. बहीण काही बोलायची नाही, पण जेवताना वडिलांना सहज विचारल्यासारखं करून केळीचे भाव विचारायची. मी चिडवलं की ताटावरून उठून जायची आणि आतून हसू ऐकू यायचं.

एका रविवारी मित्र उशिरा आला. गाडी आधीच धुतलेली, पाणी निथळत होतं.

"आज घरीच धुतली?" मी विचारलं.

"हो यार. काल भुसावळला गेलो होतो, काकांची तब्येत ठीक नव्हती. लई मिट्टी बसली होती. तू फक्त हवा मार."

तो आलाच नसता तर मी त्याच्या घरी विचारायला गेलो असतो, हे त्याला माहीत होतं. म्हणून आला असणार. हे मला नंतर सुचलं. तेव्हा मी ब्लोअर चालू केला.

टप, काचा, आरसे झाले. मग वायपर उचलून समोरच्या काचेखालच्या काळ्या जाळीत एका टोकानं वारा सोडला. दुसऱ्या टोकानं पाणी उडालं आणि त्याबरोबर झेंडूच्या पाकळ्या. वाकून पुन्हा सोडला, तर कुंकवात रंगवलेले ओले तांदूळ माझ्या चष्म्यावर, सदऱ्यावर येऊन चिकटले.

मला हसूच आलं. ब्लोअर बंद करून म्हणालो, "काकांची तब्येत म्हणतोस, अन् गाडीत अक्षता? कोणाचं लग्न लावून आलास?"

त्याला वाटलं, मला सगळं कळलंय. तो घाईघाईनं बोलायला लागला. "भाऊ, ऐक ना. असं ठरलं नव्हतं. जैनाबादला फक्त साखरपुडा होता. त्या लोकांनीच म्हटलं, जमलेच आहेत सगळे, तर लगेहाथ लग्नच उरकून टाकू. आमच्याकडे होतं असं, तुला तर मालूम आहे."

जैनाबाद म्हणजे त्याची सासुरवाडी. आमच्या घरापासून नदीचा पूल ओलांडला की आलंच.

"कोणाचा साखरपुडा?"

"मेव्हणीचा."

"कोणाशी?"

तो आधीच वाळलेल्या डिकीवरून उगाच हात फिरवायला लागला. रावेरच्याच मुलाशी, हे मला कळलं आणि माझं डोकं असं फिरलं की मी ब्लोअर पुन्हा चालू केला आणि त्याच्या तोंडावर धरला. त्याचे केस उडत होते, ओठ हलत होते, ऐकू काहीच येत नव्हतं. मला ऐकायचंही नव्हतं. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि हा तर ज्या घरचा गळा कापला तिथेच दर रविवारसारखा चहाला आला होता. परक्यानं फसवलं असतं तर मी शिव्या घालून मोकळा झालो असतो. याला कुठली शिवी द्यायची तेच सुचेना.

आवाज एकदम थांबला. बहीण चहाचा ट्रे ओट्यावर ठेवून भिंतीवरच्या बटणाशी उभी होती. किती वेळची उभी होती कोण जाणे. ती माझ्याजवळ आली, माझ्या सदऱ्यावरचे तांदूळ एकेक करून वेचून मुठीत घेतले. अक्षता पायाखाली येऊ द्यायच्या नाहीत, ही आईची शिकवण.

मग मित्राकडे वळून, वर्गात मुलांशी बोलावं तशा आवाजात तिनं विचारलं, "दादा, एवढंच सांगा. माझा फोटो तरी त्यांना दाखवला होता का?"

त्यानं मान खाली घातली.

"नाही गं, ताई," तो म्हणाला.