अक्काने तपासलेला रुपया

अक्का कुणाच्याही घरी गेली की आधी खिडकी शोधायची. ऊन जिथं पडलं असेल तिथंच बसायची, कारण कोण कधी नाणं दाखवायला काढील याचा नेम नसे. अक्का म्हणजे माझी आत्या. जळगावात नर्सची नोकरी करून निवृत्त झालेली. पण तिची खरी ओळख जुन्या नाण्यांची पारखी म्हणून.

नाणं ती कडेनेच धरायची. मधे बोट लावणाऱ्याला, जखमेला हात लावणाऱ्या नातेवाइकासारखं झापायची. "वापरून झिजणं वेगळं आणि टांकसाळीतच ठसा कच्चा पडणं वेगळं," हे तिनं मला पाढ्यांच्या आधी शिकवलं. नशिराबादच्या बसमध्ये कंडक्टरने दिलेलं दोनाचं नाणं तिनं परत केलं होतं.

"मावशी, चालतं ना ते!"

"चालण्याचं कोण विचारतंय? ठसा बघा, किती पुसट."

माझं लग्न धुळ्याला ठरत होतं. होणारे सासरे, आबा, हौसेनं नाणी जमवणारे. आम्ही त्यांच्या घरी गेलो तेव्हा चहा झाल्यावर त्यांनी रेशमी कापडातून ब्रिटिश काळातला चांदीचा रुपया काढला. आरशासारखा लखलखीत. "नाण्यांचा दर्जा ठरवणाऱ्या कंपनीकडे तपासायला पाठवतोय. सत्तरपैकी किती आकडा मिळेल?"

अक्का खिडकीशी गेली. आईने डोळ्यांनी हजार खुणा केल्या. अक्काला उत्साह आला की ती थेट अहिराणीवर यायची. "ठसा झकास शे! राजाना झग्यावरना हत्तीनी सोंड बी दखास. पन आबा, हाई घसेल शे. आकडा मिळावं नही. 'घासलेलं' असा शेरा मारीसन परत येई."

आबांचा चेहरा पडला. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून सासूबाई म्हणाल्या, "मीच घसं व्हतं. चिच लायीसन. काळं पडेल व्हतं ना!"

हसलं कुणीच नाही. परतीच्या वाटेवर आई फुटलीच. "एक नाणं चांगलं म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं?"

"आणि मग पोरगी चांगली आहे म्हटल्यावर माझं कोण खरं मानेल?"

पुढच्या रविवारी आबा आमच्या दारात हजर. काखेत नाण्यांनी भरलेला पत्र्याचा डबा. "ताई, आते हाई बठ्ठं दखा. खरं सांगणारं मानूस पहिल्यांदाच भेटनं." संध्याकाळपर्यंत दोघं वाद घालत बसले. जाताना चप्पल घालता घालता आबा आईला म्हणाले, "हो, लग्नाची तारीख काढा."

त्यानंतर दर महिन्याला आबा काहीतरी घेऊन यायचे आणि बहुतेक वेळा बोलणी खाऊन, खुशीत परतायचे.

मागच्या हिवाळ्यात अक्का गेली. आबा पहिल्या बसने आले आणि ओट्यावर नुसते बसून राहिले. त्यांच्या खिशात कागदाची एक पुडी होती. सोनगीरच्या बाजारात मिळालेलं नाणं, तिला दाखवायला म्हणून ठेवलेलं. "उघडून तर बघा," मी म्हणाले.

"राहू दे पोरी," म्हणत त्यांनी पुडी परत खिशात घातली.

अजून ती त्यांनी सोडलेली नाही.