पांढऱ्या काठाची उरुई

तात्सुकिचीने जेवताना तीन वाट्या भाजी चापली होती आणि आता तो पोट धरून बसला होता. "कसंतरीच होतंय गं," तो बायकोला म्हणाला.

शिगेनो नुकतीच बाजारातून आली होती. "कसली भाजी खाल्लीत?"

"उरुईची, मिसो घालून," किनुयो म्हणाली. ही तिची थोरली नणंद, कालच शहरातून माहेरी आलेली. "परसात कोवळे कोंब आयते उभे, आणि तू चाललीस बाजारात! काखेत कळसा अन् गावाला वळसा."

शिगेनोने हातातली पिशवी तिथेच टाकली. परसातल्या सावलीत एका दगडाच्या दोन बाजूंना दोन झाडं होती. डावीकडे तिची पांढऱ्या काठाची उरुई. एकोणीस वर्षांपूर्वी डोंगरात एका पानावर पांढरी रेघ दिसली, म्हणून तिने ती मुळासकट आणली होती. दर वसंतात नुसत्या हिरव्या पानांचे फुटवे ती खणून काढी, नाहीतर हिरवं पांढऱ्याला गिळतं. तेव्हा कुठे आता एकेक पान सुपाएवढं होत होतं. त्यातला एकही कोंब तिने कधी पातेल्यात टाकला नव्हता.

उजवीकडे बाइकेइसो, जहाल विषारी. कोंब असताना दोन्ही सारखीच दिसतात. डोंगराखालच्या या गावांत दर वर्षी कुणीतरी फसतं, आणि एखादा दवाखान्यातून परत येत नाही. "उपटून टाक ती अवदसा," असं तात्सुकिची दहादा म्हणाला होता. फुलं सुंदर येतात म्हणून शिगेनोनेच ठेवली होती.

"ताई, दगडाच्या कुठल्या बाजूचे कोंब कापलेत?"

"आता मी भाजी बघू की दगड? उरुई ती उरुई!"

शिगेनो अनवाणीच धावली. शेवाळावरून पाय घसरला, गुडघा फुटला. देवा, माझीच कापलेली असू दे. सगळी गेलेली असू दे, एक कोंबही ठेवू नकोस.

उजवीकडचे कोंब जसेच्या तसे उभे होते. डावीकडे नुसते खुंट, आणि चिखलात पांढऱ्या काठाचा एक तुकडा. तो मुठीत धरून ती तिथेच बसली आणि हमसून हमसून रडली.

घरात येऊन तिने डोळे पुसले. "काही धाड भरलेली नाही तुम्हाला. तीन वाट्या हादडल्यावर दुसरं काय होणार!"

तात्सुकिचीने तिच्या मुठीतला तुकडा पाहिला. त्याचा चेहरा पडला. "अगं, ती तुझी होती?"

"हो. माझीच." पातेल्यात उरलेली भाजी तिने पुढे ओढली आणि शेवटच्या घासापर्यंत खाल्ली. "छान झालीय, ताई," ती म्हणाली, आणि कुदळ घेऊन परसात, दगडाच्या उजव्या बाजूला गेली.