फाटकावरचं पिवळं फडकं

योशिहारु शिमोदे हा कुरोसे गावच्या पाणीखात्यात व्हॉल्व्हमन. गाव खाडीच्या काठी, मागे डोंगर, आणि जमीन अशी लहरी की कधी अंग झटकेल याचा नेम नाही. पाणीखात्याचा नियम साधा होता: जोराचा भूकंप झाला की फोनची वाट बघायची नाही. घरची माणसं सुखरूप आहेत एवढं बघायचं आणि मिळेल त्या वाटेने केंद्रावर हजर व्हायचं. फुटलेल्या नळांतून टाकी वाहून गेली तर आग विझवायला थेंब उरत नाही. नियमाला नावं ठेवायला जागा नाही.

योशिहारुने तर तो नियम अंगातच भिनवला होता. जरा धरणी हलली की हा हेल्मेट शोधायला लागायचा. त्याची बायको तामाए केंद्राला सवत म्हणायची. "जा हो, बोलावतेय तुमची लाडकी! मला मागणी घालायला अशी घाई केली असतीत तर लग्न दहा वर्षं आधी झालं असतं!" असं म्हणून हसायची, आणि हसता हसता त्याच्या हातात भाताचे गोळे बांधून द्यायची. मूलबाळ नव्हतं. घरात दोघंच, आणि एक मुळ्याच्या लोणच्याचं लाकडी पीप, ज्याच्यावर तिचा नवऱ्याइतकाच जीव.

गल्लीचाही एक रिवाज होता. भूकंपानंतर घरातला शेवटचा माणूस बाहेर पडला की त्याने फाटकाला पिवळं फडकं बांधायचं. फडकं दिसलं की शोधणाऱ्यांनी ते घर सोडून पुढच्या घराकडे वळायचं, म्हणजे जिथे माणूस अडकलाय तिथे वेळ मिळतो. दरवर्षी सराव व्हायचा, आणि सगळ्यात आधी फडकं शिमोद्यांच्या फाटकाला! योशिहारु पाइपवाल्यांची गाठ मारायचा, ती वादळातही सुटायची नाही. लोक टाळ्या वाजवायचे आणि हा लाजून मान खाली घालायचा.

फेब्रुवारीतल्या त्या दुपारी बर्फ पडून गेला होता. पहिला धक्का आला तेव्हा दोघं जेवत होते. कपाटं पडली, कौलं घसरली, पण घर उभं राहिलं. तामाए टेबलाखालून निघाली, केस झटकले आणि म्हणाली, "अहो, उभे काय राहिलात? सवत वाट बघतेय."

"तू आधी बाहेर पड. शाळेतल्या निवाऱ्यात जा."

"जाते हो. पीप उलटलंय, तेवढं उभं करते. घरभर मुळा लोळतोय."

"पीप गेलं खड्ड्यात!"

"खड्ड्यात कशाला? रात्री भातावर तुम्हालाच लागेल ते. निघा आता, मी आलेच तुमच्या मागोमाग."

तो निघाला. फाटकाशी टांगलेल्या डबीतलं पिवळं फडकं दिसलं आणि सरावाने हात आपोआप गेला. बायको धडधाकट होती, घरात कोणी अडकलं नव्हतं. ती आता निघणारच. त्याने नेहमीची गाठ मारली, ओढून बघितली आणि पळत सुटला.

केंद्रावर साहेब मोरिवाकी दारातच उभे होते. येणाऱ्याला पहिला प्रश्न ठरलेला असायचा.

"घरचे सुखरूप?"

"सुखरूप."

व्हॉल्व्ह फिरवायची लांब चावी हातात मिळाली. बंदरावरचा व्हॉल्व्ह बंद करायला तो खड्ड्यात उतरला होता, तेव्हा दुसरा धक्का आला. पहिल्याच्या दुप्पट. तो कसाबसा वर आला तर समोरची घरं गुडघ्यांवर बसलेली. घराकडे धावावं असं वाटत होतं आणि पायाशी नळ फुटून पाणी उसळत होतं. तेवढ्यात शोधपथकातला कुराता, त्याच्याच गल्लीतला, चिखलातून येताना दिसला.

"शिमोदेसान, तुमचं घर बसलं हो. पण फाटकाला फडकं आहे! वहिनी शाळेत पोचल्या असणार."

"नक्की बघितलंस?"

"बघितलं की! तुमचीच गाठ ती, दुसऱ्याची असती तर उडून गेली असती. आम्ही तिथे थांबलोच नाही, पुढे गेलो."

योशिहारु रस्त्यातच मटकन बसला आणि हसला. घर काय, पुन्हा बांधता येतं. मग उठला आणि पुन्हा चावी फिरवायला लागला. स्वतःच बांधलेल्या फडक्यावर त्याने स्वतःच विश्वास ठेवला. देवा रे! दमलेल्या माणसाचं डोकं असंच चालतं.

तिसऱ्या दिवशी तो पाण्याचा टँकर घेऊन शाळेत गेला. बादल्या घेऊन बायका रांगेत उभ्या होत्या. त्यात तामाए दिसेना. शेजारच्या सावानो आजींना विचारलं.

"तामाए? अरे बाळा, ती तुझ्याबरोबर आहे असं आम्ही समजलो. फडकं होतं ना फाटकाला! म्हटलं, केंद्रावर भात रांधायला गेली असेल."

योशिहारुच्या हातातली नळी सुटली. "फडकं मी बांधलं होतं," तो म्हणाला. टँकर तिथेच सोडून तो घराकडे धावला.

स्वयंपाकघराच्या जागी खणलं तेव्हा ती पिपाशेजारी सापडली. हातात पळी होती, आणि शेजारचा नळाचा पाइप ठोकून ठोकून चेपला होता. डॉक्टरांना विचारल्यावर ते मान खाली घालून म्हणाले, "लगेच गेल्या नाहीत." कुराता रस्त्यावर बसून मोठ्याने रडला. योशिहारु फाटकाशी गेला आणि फडकं सोडवायला लागला. गाठ सुटेना. नखं रक्ताळली तरी सुटेना. शेवटी कुणीतरी चाकू दिला.

लोकांनी समजूत घातली, दोष कुणाचाच नाही. असं म्हणतात माणसं, दुसरं म्हणणार तरी काय! त्याने नोकरी सोडली नाही. तात्पुरत्या खोलीत राहायचा, विकतचं लोणचं खायचा नाही.

दोन वर्षांनी पुन्हा जमीन हलली. योशिहारु सगळ्यांच्या आधी केंद्रावर पोचला. मोरिवाकी निवृत्त झाले होते. दारात बदली होऊन आलेला नवा साहेब होता. त्याला काय ठाऊक?

"घरचे सुखरूप?"

योशिहारुने हेल्मेट काढलं, पुन्हा घातलं.

"बघून आलो साहेब," तो म्हणाला. "घरी कुणी नाही. चावी द्या."