तिसऱ्यांदा पॉझिटिव्ह

धाकट्याला घेऊन मी दवाखान्यातून ब्राह्मणपारा मोहल्ल्यातल्या घरी आले, त्याच्या आदल्याच दिवशी माझ्या सहा वर्षांच्या पोरीचा कोरोनाचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला होता. तिसरी लाट होती. नवरा तिला घेऊन वरच्या खोलीत गेला, मी बाळाला घेऊन खाली, सोबतीला माझी आई. भाऊ येणार की बहीण, अशी महिनोन्महिने वाट पाहणाऱ्या पोरीनं बाळाला पहिल्यांदा पाहिलं ते फोनवर.

ताप दोन दिवसांत उतरला. पाचव्या दिवसापासून ती वर दोरीवरच्या उड्या मारायला लागली, खाली छत दणदणायचं. दहा दिवसांची तर गोष्ट, असं आम्हाला वाटलं. दहाव्या दिवशी टेस्ट केली, पॉझिटिव्ह. सतराव्या दिवशी पुन्हा केली, तीही पॉझिटिव्ह. नवरा तिच्याच खोलीत राहून निगेटिव्ह.

त्या संध्याकाळी ती मास्क लावून जिन्याच्या वरच्या पायरीवर येऊन बसली. मी खाली दारात.

"काहून रडून राहिली, बेटा?"

आम्ही मराठीत बोलतो, पण इथं हिंदी मुलखात वाढलेली ती उत्तर हिंदीतच देते. "मम्मी, मैं गंदी हूँ क्या?"

मी उठलेच. आईनं माझा हात धरला. "जाऊ नको वं. अंगावर पिणारं लेकरू आहे तुह्यं." ती भीतीपोटी बोलत होती, हे कळत असूनही मला तिचा राग आला. मी तिथूनच काहीबाही समजावत राहिले.

दुसऱ्या दिवशी नवऱ्यानं जिन्यात उभं राहून मुलांच्या डॉक्टरीणबाईंना स्पीकरवर फोन लावला. पोरीला त्या जन्मापासून ओळखतात, मूळच्या आमच्याच विदर्भातल्या. ताप, खोकला, जेवण, सगळं विचारून झालं आणि त्या म्हणाल्या, "ताप जाऊन दोन आठवडे झाले, पोट्टी उड्या मारून राहिली, मग टेस्ट कायले करून राहिले?"

"पण रिपोर्ट?"

"मेलेल्या विषाणूचे तुकडेही त्या टेस्टमध्ये दिसतात. काही मुलांत कितीतरी आठवडे दिसतात. त्याचा अर्थ ती आजार पसरवते असा नाही. हात धुवा, बाळाजवळ काही दिवस मास्क ठेवा. आणि आता टेस्ट बंद."

नवऱ्यानं फोन ठेवायच्या आत पोरगी खाली आली होती. साबणानं हात तिनं इतका वेळ धुतले, की शेवटी मीच नळ बंद केला. मग पाळण्यात वाकून तिनं बराच वेळ पाहिलं.

"फोन में तो बड़ा दिखता था!"

नवऱ्यानं घातलेल्या तिच्या वेण्या एक वर, एक खाली. मी तिला जवळ ओढलं आणि तेव्हा कुठे मला रडू आलं. आईनं कंगवा आणून त्या वेण्या सोडल्या आणि नीट घालायला बसली.

पुढे बरेच दिवस पोरगी खोकली, की माझा हात तिच्या कपाळावर जायचा. टेस्ट मात्र पुन्हा केली नाही. ती निगेटिव्ह नेमकी कधी झाली, हे आम्हाला आजही ठाऊक नाही.